पाचशे जीबीचा मानपान

जयराम पगारे यांना रिकामी जागा बघवत नसे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं मीटरचे काटे नीट करून ते वरिष्ठ तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात साहेब म्हणाले की पगारेंनी आपल्या कपाटातला एक इंचही कधी वाया जाऊ दिला नाही. त्या कपाटात काही सापडत नसे, असं साहेबांना सुचवायचं होतं. जयरामभाऊंनी ते कौतुक समजून घरी नेलं आणि घरातही तेच धोरण लागू केलं. पार्किंगच्या फरश्यांच्या फटीत मेथी, जिन्याखाली तीन बंद पडलेले संगणक, पलंगाखाली त्यांच्या केबली, आणि बायकोच्या बांगड्यांच्या डब्यात स्क्रू. बायको, म्हणजे लताबाई, एकदाच म्हणाल्या होत्या, "अहो, माझ्या डोक्यात थोडी जागा शिल्लक आहे. तिथं काय ठेवताय ते सांगा, म्हणजे मी तयारीत राहते."

अशा माणसाला जगात एकाच जागेची खरी आस होती आणि नेमकी तीच त्यांना मिळाली नव्हती. ती जागा होती पत्रिकेत.

धाकटा भाऊ गोरक्ष याच्या मोठ्या मुलीचं, राखीचं लग्न दोन हजार चौदा साली झालं. पत्रिका गोरक्षच्या बायकोनेच, उज्वलानेच केली, कारण तिचं जेल रोडला डीटीपीचं दुकान आहे आणि निम्म्या नाशिक रोडच्या पत्रिका तिच्याच हातून जातात. त्या पत्रिकेत 'निमंत्रक' या शब्दाखाली एकोणचाळीस नावं होती. तिन्ही मामा होते, येवल्याचे साडू होते, एवढंच काय, गोरक्षला स्कूटर शिकवणारा शेजारीही होता. मुलीचा सख्खा थोरला काका तेवढा नव्हता. एक ओळ जास्त होत होती, तेव्हा गोरक्ष म्हणाला, दादा काय, घरचाच माणूस, शेवटी 'समस्त पगारे परिवार' आहेच की. घरच्या माणसाला गृहीत धरण्याची ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यात घरचा माणूस सोडून सगळ्यांचा मान राहतो.

जयरामभाऊ लग्नाला गेले. नवीन सफारी घालून गेले. मंगल कार्यालयाच्या दारात उभे राहिले, आहेराचं पाकीट दिलं, पाकिटावर नाव लिहिलं 'समस्तांपैकी एक', आणि न जेवता परत आले. त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी भावाच्या घरचं पाणी घेतलं नाही. भावाच्या घरी ही गोष्ट लक्षात यायला तीन वर्षं लागली, ते दुःख वेगळंच.

आणि या वर्षी उज्वला स्वतः दारात आली.

"जय भीम, भाऊजी. संजनाचं ठरलं," ती म्हणाली. संजना म्हणजे राखीची धाकटी बहीण. "पत्रिका मीच करतेय. नावं तीच ठेवायची, कुणाला काढलं तर महाभारत होईल. पण सगळ्यांच्या वर, पहिलं नाव तुमचं. हुद्द्यासकट."

"बघू," जयरामभाऊ म्हणाले. थोरल्या माणसाचं 'बघू' म्हणजे 'हो' असतं, हे उज्वलाला माहीत होतं. लताबाईंनी तिला चहा दिला, आणि जयरामभाऊंनी खिडकीकडे तोंड करून डोळ्यात काहीतरी गेल्याचं जाहीर केलं.

उठता उठता उज्वला म्हणाली, "दुकानातला कॉम्प्युटर मात्र खट्‌खट्‌ आवाज करायला लागलाय. तेवढी पत्रिका होईपर्यंत टिकला म्हणजे मिळवली." एवढं म्हणून ती थांबली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिने विचारलं, "तुम्ही बघाल का?"

उज्वलाचा संगणक विंडोज अठ्ठ्याण्णववर चालतो. हौस म्हणून नव्हे. तिचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर पंचवीस वर्षांपूर्वीचं, त्याची किल्ली म्हणजे प्रिंटरच्या वायरीला मागे लावायची एक काळी डबी. ती डबी नव्या संगणकाला लागत नाही, आणि बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. तेव्हा ते सॉफ्टवेअर, ती डबी, तो संगणक आणि उज्वला यांचं एकत्र कुटुंब होतं, आणि कुणालाच वेगळं निघता येत नव्हतं. आवाज करत होती ती आतली वीस जीबीची हार्ड डिस्क. ती बदलायची, एवढंच काम. दुसऱ्या कुणी ते अर्ध्या दिवसात केलं असतं. जयरामभाऊंनी त्याचा प्रकल्प केला.

पहिल्यांदा त्यांनी आपल्या व्हॉट्सॲप गटावर सल्ला मागितला. 'जुनं ते सोनं, संगणक विभाग' या गटात सतरा सभासद आहेत आणि सतरा मतं आहेत. डिस्कवर कुठली फाइल कुठे ठेवली याची नोंदवही ठेवायची जी पद्धत, तिला फाइल सिस्टिम म्हणतात, आणि त्या गटात तिच्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी सोसायटीत पाण्यावरून होत नाहीत. मनमाडचे एक निवृत्त स्टेशन मास्तर फॅट सोळा या सगळ्यात जुन्या पद्धतीचे कट्टर. दोन जीबीपेक्षा मोठं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक कप्पा, हे माणसाच्या लोभाचं लक्षण, असं ते म्हणतात. त्यांच्या हिशोबाने पाचशे जीबीच्या डिस्कचे अडीचशे तुकडे करावे लागतील, आणि तुकड्यांना नाव द्यायला इंग्रजी अक्षरं सव्वीसच आहेत, याला मी काय करू, असंही तेच म्हणतात. सटाण्याच्या एका प्राध्यापकांनी फॅट बत्तीसची बाजू घेतली. एकाने एनटीएफएस सुचवलं, जे अठ्ठ्याण्णवला वाचताच येत नाही, त्याला ॲडमिनने काढून टाकलं. आणि एकाने विंडोजऐवजी लिनक्सचं नाव काढलं, तेव्हा लग्नात पिऊन आलेल्या मामाकडे बघतात तसं सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. एका गोष्टीवर मात्र गटाचं इतिहासात पहिल्यांदा एकमत झालं. डिस्क कुठलीही घ्या, एकशे सदतीस जीबीच्या पुढे जाऊ नका.

जयरामभाऊंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि मेन रोडमागच्या गल्लीत दत्तूच्या दुकानी गेले. दत्तू जुन्या संगणकांचं सुटं सामान विकतो. दिंडोरीकडचा माणूस, द्राक्षाची बाग भावावर टाकून या धंद्यात आला. त्याच्याकडे त्या जातीच्या दोन डिस्क होत्या. एक चाळीस जीबीची, एक पाचशेची. किंमत एकच.

"चाळीसची न्या काका," दत्तू म्हणाला. "तुमच्या मशीनला तीच बरी हाय."

त्याच किमतीत साडेबारापट माल सोडून चाळीसची घ्यायची? जयरामभाऊंच्या आईने त्यांना शाळेचा गणवेश कायम दोन वर्षं पुढच्या मापाचा शिवला होता. त्यांनी पाचशेची उचलली. "वाढत्या अंगाची असलेली बरी," ते म्हणाले.

"मशीन पंचवीस वर्षांचं झालंय काका, आता काय अंग वाढणार त्याचं," दत्तू म्हणाला. "बरं, ऱ्हायलं. पण ऐका. एकशे वीसचं एकच पार्टिशन करा आन् पुढचं सगळं रिकामं सोडून द्या. अठ्ठ्याण्णवला एकशे सदतीसपर्यंतच मोजता येतं. त्याच्यापुढं लिहाया गेलं की स्कूटरच्या मीटरवानी परत शून्यावर येतं, आन् जे नवीन हाय ते पार सुरुवातीला, जुन्याच्या डोक्यावर लिहून बसतं. सुरुवातीलाच सगळी नोंदवही असती. ती गेली की लय अवघड."

"म्हणजे तीनशे ऐंशी जीबी रिकामं ठेवायचं?"

"रिकामं म्हंजे रिकामंच. कायच नाय करायचं त्याचं."

हा माणूस आपल्याला पाच खोल्यांचं घर विकतो आणि वर सांगतो की सव्वा खोलीत राहा, अशा नजरेने जयरामभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. मीटर शून्यावर येतं म्हणे! एकतीस वर्षं मीटर कुणी बघितले? उंटावरचे शहाणे नाशकात उंट नसतानाही कसे इतके निपजतात, याचं त्यांना नवल वाटलं.

घरी येऊन त्यांनी अठ्ठ्याण्णवचं स्वतःचं पार्टिशनचं टूल, एफडिस्क, काढलं. त्याने पाचशे जीबीची डिस्क बघितली आणि सांगितलं, अठरा जीबी आहे. जयरामभाऊंनी त्याला पुन्हा विचारलं. तो अठरावर ठाम राहिला. गटावर विचारलं तर प्राध्यापक म्हणाले, त्याला चौसष्टच्या पुढे मोजता येत नाही, मग तो भागून उरलेली बाकी सांगतो. मग नव्या संगणकाला अडॅप्टरने डिस्क जोडली, तर नवीन विंडोज म्हणालं, बत्तीस जीबीच्या वर फॅट बत्तीस मी करणार नाही. जुना मोजायला कच्चा, नवा द्यायला खट. दोन्ही पिढ्यांची ही लक्षणं जयरामभाऊंच्या परिचयाची होती. शेवटी इंटरनेटवर एक फुकट टूल सापडलं. त्याने काही विचारलं नाही, काही बजावलं नाही, आणि अख्ख्या पाचशे जीबीचं एकच्या एक पार्टिशन करून दिलं. न विचारता काम करणारा माणूस किंवा टूल भेटलं की जयरामभाऊ लगेच त्याला हुशार म्हणत.

वीस जीबीचा सगळा जुना माल नव्या डिस्कवर आला आणि कोपऱ्यात पडला. बाकी ओसाड माळ. त्यांना ते बघवेना. त्यांनी निरोप समारंभाचा व्हिडिओ टाकला, तीन प्रतींत. दोन हजार नऊपासूनच्या भीमजयंतीच्या मिरवणुका टाकल्या. चौदा हजार 'शुभ सकाळ'ची चित्रं टाकली, गुलाबाची वेगळी, कमळाची वेगळी. तरी जागा संपेना.

"माझ्या पित्ताशयाचे रिपोर्टही टाका," लताबाई म्हणाल्या. "संजनाच्या पत्रिकेला कामाला येतील."

त्यांनी टाकले. एकशे सदतीस जीबीला केसभर कमी असताना त्यांचं सामान संपलं आणि मोठ्या नाइलाजाने ते थांबले.

डिस्क दुकानात बसली, संगणक बिनआवाजाचा सुरू झाला. उज्वला हरखली. जुनी डिस्क पुसून घरी न्यायचा जयरामभाऊंचा बेत होता, पण उज्वलाने ती वर्तमानपत्रात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली. "ऱ्हाऊ द्या भाऊजी. ड्रॉवर तसाही रिकामाच आहे." युक्तिवाद त्यांचाच होता, तेव्हा ते हात हलवत घरी गेले.

मंगळवारी संध्याकाळी पत्रिका पूर्ण झाली. जयरामभाऊ उज्वलाच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. वर 'नमो बुद्धाय', मध्ये संजनाचं आणि मुलाचं नाव, दोघांचे फोटो, आणि खाली निमंत्रकांत सगळ्यांच्या वर, मामांच्या वर, येवल्याच्या साडूंच्या वर: श्री. जयराम दगडू पगारे, सेवानिवृत्त वरिष्ठ तंत्रज्ञ. त्यांनी चष्मा काढून पुसला. परत घातला. अकरा वर्षं घशात अडकलेला घास खाली उतरला. खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी जाऊन भावाला मिठी मारावीशी वाटली. ते म्हणाले, "अर्धा पॉइंट मोठं करता येईल का?"

उज्वलाने अर्धा पॉइंट मोठं केलं आणि फाइल सेव्ह केली. फोटोंसकट ती जड होती.

बुधवारी सकाळी संगणक चालूच झाला नाही. काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, की डिस्कवर सिस्टिमच नाही.

जयरामभाऊ डिस्क काखोटीला मारून दत्तूकडे धावले. दत्तूने ती आपल्या मशीनला लावली, बघितली, आणि आधी काकांपुढे स्टूल सरकवलं. ग्राहकाचा मुलाहिजा राखायची त्याची ती रीत होती.

"काका, किती भरली होती?"

"एकशे सदतीसला केसभर कमी."

"आन् मंग त्याच्यावर काय सेव्ह केलं?"

"पत्रिका."

"ती गेली एकशे सदतीसच्या पुढं. आन् पुढून फिरून आली पार सुरुवातीला, आन् नोंदवहीवर बसली. कशाचं नाव होतं हो त्यात, इतका पयला मान कुणाला पायजे होता?"

दत्तूला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. तो सहज बोलला. जयरामभाऊंनी घाम पुसला. फाइली निघतील, पण पंधरा दिवस लागतील, तो म्हणाला. लग्न अठरा दिवसांवर होतं, आणि छापखान्याने बजावलं होतं, बुधवारी बारापर्यंत ट्रेसिंग, म्हणजे ज्यावरून छापायचं तो पारदर्शक कागद, द्या, नाहीतर एकदम पुढच्या सोमवारी. घड्याळात साडेदहा झाले होते.

दुकानात उज्वलाने ड्रॉवर उघडला आणि वर्तमानपत्रातली जुनी डिस्क काढली. तिच्यावर नवी पत्रिका नव्हती, पण राखीची, बिनफोटोची, होती. नावं तीच, मांडणी तीच.

डिस्क लावली. ती पहिल्यापेक्षा दुप्पट खडखडली आणि सुरू झाली. आता मात्र जयरामभाऊंच्या अंगात वीजकेंद्र संचारलं. बॉयलर बंद पडतो तेव्हा गोंधळ करायचा नसतो, यादी करायची असते आणि एकेका कामापुढे खूण करायची असते. ही डिस्क केव्हाही डोळे मिटेल, हात लावायचा तो मोजकाच. त्यांनी एका पाकिटाच्या मागे लिहिलं: एक, वधूचं नाव. दोन, वराचं नाव. तीन, वराचे आईवडील आणि पत्ता. चार, तारीख व वेळ. पाच, स्थळ.

"पाच बदल. बास. सहावा नाही," ते म्हणाले. उज्वला टाइप करत गेली, ते डिस्कच्या लाल दिव्यावर डोळे रोखून खुणा करत गेले.

"आणि भाऊजी, खालती ते..." उज्वला म्हणाली.

"खालचं काही उघडू नका!"

"अहो, पण निमंत्रकांत..."

"उज्वला, मी एकतीस वर्षं हे केलंय! सेव्ह करा आणि प्रिंट काढा!"

तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग सेव्ह केलं आणि प्रिंट काढली. एक प्रूफ आणि एक ट्रेसिंग. ट्रेसिंगचा कागद बाहेर पडला आणि डिस्क शेवटचं खट्‌ करून कायमची थांबली. जयरामभाऊंनी सुटकेचा निःश्वास टाकला. पाचही बदल पाकिटावरच्या यादीशी ताडून पाहिले, पाचही बरोबर. प्रूफवर लिहिलं, 'वाचले. बरोबर आहे. छापावे.' खाली सही केली, पूर्ण नाव आणि हुद्द्यासकट. रिक्षा करून पावणेबाराला स्वतः छापखान्यात पोचवलं. आपण वेळेवर नसतो तर काय झालं असतं, हा विचार करत ते घरी आले आणि लताबाईंनाही तो विचार करायला लावला.

रविवारी उज्वला आणि गोरक्ष पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. अकरा वर्षांनी भाऊ दारात उभा होता. गोरक्ष वाकून पाया पडला. जयरामभाऊंनी गठ्ठ्याची दोरी सोडली, वरची पत्रिका घेतली, आणि चष्मा लावून सरळ निमंत्रकांवर गेले.

पहिलं नाव थोरल्या मामांचं. मग मधल्या मामांचं. एकोणचाळीस नावं, स्कूटर शिकवणारा शेजारी ठणठणीत, आणि शेवटी 'समस्त पगारे परिवार'.

त्यांनी पत्रिका उलटी करून पाहिली. मागे काहीच नव्हतं.

"मी सांगत होते, भाऊजी," उज्वला हळूच म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. छापखान्याने प्रूफ परत दिलं होतं. त्यावर जयराम दगडू पगारे, सेवानिवृत्त वरिष्ठ तंत्रज्ञ, असं ठळक निळ्या शाईत लिहिलेलं होतं. त्यांचं नाव असलेला या लग्नातला तेवढा एकच कागद.

लताबाईंनी तोंड उघडलं. आयुष्यभर पुरेल एवढा माल आयता हातात आला होता. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी तोंड परत मिटलं आणि त्या चहा टाकायला उठल्या.

"दादा, पट्ट्या छापून आणतो," गोरक्ष घाईघाईने म्हणाला. "तुमच्या नावाच्या. पाचशे पट्ट्या, बसून चिकटवू. हे बघा, जागापण आहे." खरंच होती. या नवऱ्यामुलाचा पत्ता एकाच ओळीत मावला होता, त्यामुळे 'निमंत्रक' हा शब्द वर सरकला होता आणि त्याच्या खाली, थोरल्या मामांच्या नावावर, बरोबर एक ओळ मोकळी पडली होती.

जयरामभाऊंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. एक नाव हुद्द्यासकट बसेल एवढी जागा. अर्धा पॉइंट मोठं केलं असतं तरी बसलं असतं. ज्या माणसाने फरशीची फट मोकळी सोडली नाही, तो ती ओळ किती तरी वेळ बघत बसला. दत्तू काय म्हणाला होता, ते त्यांना आता कुठे ऐकू आलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "रिकामी ऱ्हाऊ द्या ती."

आतून लताबाईंचा आवाज आला, "काय म्हणालात?"

जयरामभाऊंनी गठ्ठ्यातल्या शंभर पत्रिका मोजून स्वतःकडे घेतल्या. एकलहरे कॉलनीची आणि सामनगावची घरं थोरला काका या नात्याने त्यांनाच करायची होती.

"आणि संजनाला सांगा," ते उज्वलाकडे न बघता म्हणाले, "या वेळी मी जेवायला थांबणार आहे."